बोट टेकताच चित्र फिकट करायचंय? आधी टच लिसनर काढून टाका

अँड्रॉइडमध्ये चित्रावर बोट टेकलं की ते फिकट व्हावं आणि उचललं की पूर्ववत, एवढंच हवं असतं. बहुतेक जण लगेच ऑनटचलिसनर (स्पर्शाची प्रत्येक खबर घेणारा कोड) लावतात. ॲक्शन डाऊन (बोट टेकल्याची खबर) आला की अल्फा, म्हणजे चित्राची अपारदर्शकता, ०.५ आणि ॲक्शन अप (बोट उचलल्याची खबर) आला की १. एमुलेटरवर माउसने हे झकास चालतं. खऱ्या फोनवर फोटोंच्या ग्रिडमध्ये मात्र चार वेळा वर-खाली स्क्रोल केलं की एखादा फोटो फिकटच राहून जातो.

कारण साधं आहे. बोट थोडं सरकलं की रिसायकलरव्ह्यू, म्हणजे ती स्क्रोल होणारी ग्रिड, तो स्पर्श स्वतःकडे ओढून घेतो. मग चित्राला ॲक्शन अप येतच नाही, येतो तो ॲक्शन कॅन्सल (स्पर्श काढून घेतल्याची खबर). तो हाताळला नाही, तर अल्फा ०.५ वरच अडकतो. पुढे तोच व्ह्यू दुसऱ्या फोटोसाठी वापरला जातो आणि ज्याला कुणी हातही लावला नाही तो फोटो फिकट दिसतो!

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लिसनरमधून फॉल्स (‘हा स्पर्श मी हाताळला नाही’) परत करणं. इमेजव्ह्यू, म्हणजे चित्र दाखवणारा घटक, मुळात क्लिकेबल नसतो. त्यामुळे डाऊनला फॉल्स गेलं की त्या स्पर्शाचं पुढचं काहीच त्याच्याकडे येत नाही. ट्रू परत केलं तर क्लिक लिसनर मुका होतो आणि परफॉर्मक्लिक स्वतः बोलवावं लागतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून स्टेटलिस्टॲनिमेटर, म्हणजे व्ह्यूच्या अवस्थेनुसार ॲनिमेशन लावणारी सोय, वापरा. तो एपीआय २१ (अँड्रॉइड ५.०) पासून आहे. रिसोर्सेसमधल्या ॲनिमेटर फोल्डरमध्ये एक्सएमएल फाइल करायची, मूळ टॅग सिलेक्टर. आत दोन आयटम आणि प्रत्येकात अल्फा बदलणारा एक ऑब्जेक्टॲनिमेटर. पहिला आयटम स्टेट प्रेस्ड (दाबलेलं) असतानाचा: व्हॅल्यू टू ०.५, ड्युरेशन ५०. दुसरा बिनअटीचा: व्हॅल्यू टू १, ड्युरेशन २००. क्रम उलटा करू नका. वरून जो आयटम आधी जुळतो तोच लागतो, त्यामुळे बिनअटीचा वर ठेवला तर प्रेस्डची पाळी कधीच येत नाही. ही फाइल लेआउटमध्ये इमेजव्ह्यूला जोडा आणि क्लिकेबल ट्रू करा, की झालं. कॅन्सल झालं किंवा बोट चित्राबाहेर गेलं, तर प्रेस्ड अवस्था सिस्टिमच काढते.

५० मिलिसेकंदच का? स्क्रोल होणाऱ्या यादीत सिस्टिम प्रेस्ड दाखवायला १०० मिलिसेकंद थांबते, म्हणजे स्क्रोल करताना चित्रं लुकलुकत नाहीत. (टच लिसनरला डाऊन लगेच मिळतो, तिथे ती लुकलुकतात.) त्याआधीच बोट उचललं, तर प्रेस्ड अवस्था जेमतेम ६४ मिलिसेकंद टिकते. ड्युरेशन नेहमीचं ३०० ठेवलंत तर झटपट टॅपला फिकटपणा दिसणारच नाही.

टॅपवर चित्र पूर्ण विरून नाहीसं करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टेटलिस्टॲनिमेटर लावू नका. बोट उचलल्यावर तो अल्फा १ कडे ओढतो, तुमचं ॲनिमेशन ० कडे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. क्लिक लिसनरमध्ये आधी क्लिकेबल फॉल्स करा, म्हणजे दुसरा टॅप घुसणार नाही. मग ॲनिमेट, अल्फा ०, ड्युरेशन २५० आणि विथएंडॲक्शनमध्ये (ॲनिमेशन संपल्यावर चालणारा कोड) व्हिजिबिलिटी गॉन. हे शेवटचं विसरलात तर न दिसणारं चित्र तिथेच जागा अडवून बसतं आणि क्लिकेबल राहिलं असेल तर स्पर्शही खातं, कारण अँड्रॉइडला अल्फा ० म्हणजे गैरहजर वाटत नाही. आयओएसमध्ये उलट आहे. तिथे अल्फा ०.०१ च्या खाली गेला की व्ह्यूला स्पर्श मिळत नाही, आणि यूआयइमेजव्ह्यूला तर युजर इंटरॅक्शन चालू केल्याशिवाय मुळातच मिळत नाही.

ॲनिमेशन मध्येच कॅन्सल झालं तर विथएंडॲक्शन चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. चित्र परत आणताना नुसतं व्हिजिबल करून भागत नाही, अल्फा १ आणि क्लिकेबल ट्रूही करावं लागतं. यादीत असेल तर हे तिन्ही ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये (व्ह्यूमध्ये नवा फोटो भरणारी मेथड) दर वेळी.

एवढं करूनही चित्र विरण्याऐवजी फटकन गायब होत असेल तर कोड चाळत बसण्याआधी त्या फोनचे डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. ॲनिमेटर ड्युरेशन स्केल बंद करून ठेवलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.