डावं पान कोरं

माझं पुस्तक छापून आलं त्याला महिना झाला. फोटो माझे, लिखाण माझं, मांडणीपण मीच केलेली, त्यामुळे भेटेल तो विचारतो की तिन्हीत जास्त अवघड काय गेलं. खरं सांगू का, अवघड गेलं ते स्वतःच लिहिलेलं स्वतःच्या हाताने खोडणं.

आजी सुईत दोरा ओवतेय असा एक फोटो आहे. त्याखाली मी आधी चार ओळी लिहिल्या होत्या, थरथरते हात, बारीक केलेले डोळे, खिडकीतून येणारा उजेड वगैरे, आणि डमीत, म्हणजे छपाईआधी करून बघायच्या नमुना प्रतीत, ते पान उघडल्यावर लक्षात आलं की हे सगळं फोटोत दिसतंच आहे की! सगळं काढलं. उरलं एवढंच: 'सुई तिच्या आईची.' हे काही केलं तरी फोटोत येणार नव्हतं, म्हणून ते लिहायचं.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकचं 'द अमेरिकन्स' हे फोटोंचं पुस्तक इथे आठवतं. 1958 ला पॅरिसमध्ये ते निघालं तेव्हा फोटोंसमोर वेगवेगळ्या लेखकांचे उतारे होते, 1959 च्या अमेरिकन आवृत्तीत ते काढले, सुरुवातीला एक प्रस्तावना आणि मग 83 फोटो, समोर जागेचं नाव सांगणारी छोटीशी ओळ, बास. हजारो फ्रेम्समधून निवडलेले 83!

मांडणीत मात्र माझा हट्ट नडला. आजीचा फोटो मला दोन पानांवर पसरून हवा होता, स्क्रीनवर काय भारी दिसत होता, पण डमीला गमची बांधणी केली तर सुईचं टोक बरोबर मधल्या घडीत गडप, आणि ते टोकच तर सगळा फोटो होता. शिलाईची बांधणी केली की पुस्तक बरंच सपाट उघडतं, म्हणून खर्च वाढला तरी शेवटी तीच घेतली, तरीपण हा फोटो उजव्या पानावरच आणला, चारी बाजूंनी पांढरी जागा सोडून.

कागदानेही शिकवलं. मला आर्ट पेपरची चमक नको होती, पण साध्या कागदात शाई मुरते, ठिपके पसरतात आणि सावल्या काळ्या गोळ्यासारख्या होतात, पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीच्या छपाईत, आजीच्या साडीच्या चुण्याच गायब झाल्या होत्या! मग प्रत्येक फोटोच्या सावल्या थोड्या उजळ केल्या आणि त्याच कागदावर परत प्रूफ काढून घेतलं. स्क्रीन बघून ओके देऊ नका हो, स्क्रीन उजेडाने दाखवते आणि कागद शाईने.

16 पानांचे 6 फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेले गठ्ठे, 96 पानं. फायनल प्रूफला प्रेसमधल्या दादांनी विचारलं, आजीच्या फोटोसमोरचं हे डावं पान कोरं राहिलंय, फाइलमध्ये काही सुटलंय का? म्हटलं नाही दादा, ते तसंच छापा.