मोरचुदातलं पाणी

आमच्या बॅचच्या शाळेतल्या आठवणींत गॅदरिंग, सिंहगडाची सहल, डब्यांची पळवापळवी यावर बाकीचे लिहितीलच. मला नववीतल्या मोरचुदाबद्दल, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटबद्दल लिहायचं आहे.

मोलची संकल्पना आमच्या डोक्यावरून गेली होती. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, हे पाठ होतं. त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, ‘‘वाण्याकडे साबुदाणा मोजून मागता का रे? वजनावरच घेता ना?’’ पाण्याचा रेणुभार १८, म्हणून १८ ग्रॅम पाण्यात तेवढे रेणू. कॉपर सल्फेटच्या १५९.५ ग्रॅममध्येही तेवढेच. एवढं सांगून त्यांनी रविवार पेठेतून आणलेली मोरचुदाची पुडी सोडली.

गणित आधी फळ्यावर झालं. मोरचुदाच्या स्फटिकात एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. १५९.५ अधिक ९०, म्हणजे २४९.५. तेव्हा ५ ग्रॅम मोरचूद तापवलं तर १.८ ग्रॅम पाणी उडून ३.२ ग्रॅम उरायला हवं.

चिनी मातीच्या मुशीत खडे घालून खाली दिवा लावला. खडे तडतडले, कडेने फिकट होत गेले. कांडीने ढवळलं की आतला निळा पुन्हा वर यायचा. शेवटी सगळी पांढरी भुकटी झाली आणि आम्ही खूश. वजन केलं, तर साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर! शेजारच्या टेबलावरही तेच. एकाने वहीत सरळ ३.२ लिहून टाकलं. (तो पुढे सीए झाला.)

सरांना हेच हवं होतं. पाचातले चार रेणू साधारण ११० अंशांच्या आत निघून जातात, पण पाचवा चिकट. त्याला दोनशेपर्यंत तापवावं लागतं. चार गेले की भुकटी पांढरी दिसतेच. ‘‘रंगावर जाऊ नका. तापवा, गार करा, वजन करा. दोन वजनं सारखी येईपर्यंत उठायचं नाही.’’ गार करताना मुशीवर झाकण हवंच, नाहीतर पुण्यातली जुलैची हवा लागून भुकटी पुन्हा पाणी ओढून घेते. मधली सुट्टी गेली, पण आकडा ३.२ च्या जवळ आला. मग सरांनी त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले. भुकटी क्षणात निळी झाली आणि गार मूस हाताला गरम लागली.

पुढे पिंपरीला औषधांच्या कारखान्यात नोकरीला लागलो. अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे तीन रेणू असतात, त्यामुळे २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये पावडर सुमारे २८७ मिलिग्रॅम भरावी लागते. नव्याने आलेली पदवीधर पोरं कॅल्क्युलेटर झटकन काढतात, पण कशाला कशाने भागायचं तिथे अडतात. मी त्यांच्यापुढे पाण्याविना ३६५ आणि पाण्यासकट ४१९ हे दोन रेणुभार मांडतो आणि मोरचुदापासून सुरुवात करतो. दहा मिनिटांत गाडी रुळावर येते.

शाळेत आता प्रयोग टेबलाऐवजी पडद्यावर दाखवतात म्हणे. तडतड ऐकू येत असेल, पण वजन कशाचं करणार? मुशी कमी पडत असतील तर मुख्याध्यापकांनी निःसंकोच कळवावं, आमची बॅच डझनभर घेऊन देईल. सीए मित्राकडून वर्गणी काढायचं काम माझ्याकडे.