खडूने लिहिलेला आकडा

बाबांना जाऊन आज आठ महिने झाले. त्यांच्या दुकानाचं शटर उघडायला आज जमलं, म्हणजे जमलं काय, रोज टाळत होते आणि आज टाळायला काही कारणच सापडलं नाही. आत गेले तर वार्निशचा वास तसाच, इतके महिने बंद असूनही. हा वास त्यांच्या शर्टाला असायचा, केसांना असायचा, माझ्या वह्यांनासुद्धा असायचा, मैत्रिणी विचारायच्या कसला गं वास येतोय आणि मी म्हणायचे कुठे काय, मला खरंच यायचा नाही तो. आज आला.

बाबा मोटार रिवाइंडिंग करायचे, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारीत नवी तार भरून द्यायचे. जळलेली मोटार आली की खोलायची, काळी पडलेली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, छिन्नीने तोडून काढायची, ती बसते त्या खाचा, स्लॉट, खरवडून साफ करायचे, वीज अडवणारा नवा पेपर घालायचा, मग नवी तार भरायची, वरून बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, दोऱ्याने बांधायचं, वार्निश पाजायचं आणि भट्टीत सुकवायचं. सांगायला दोन ओळी लागतात पण बोटांची पार वाट लागते, पेपरच्या कडेने कापतं ते वेगळंच.

हे त्यांना कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली आणि ते एका वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागले, तिथला मिस्त्री काम बघू द्यायचा पण आकडा सांगायचा नाही. आणि या धंद्यात आकडा म्हणजेच सगळं, कुठल्या मोटारीला किती टर्न, म्हणजे तारेचे वेढे, आणि किती जाडीची तार. टर्न कमी पडले तर मोटार जास्त करंट खाते, तापते, परत जळते, जास्त झाले तर फिरते पण लोड आला की मान टाकते. मिस्त्री मोजायला बसला की पोरांना बाहेर पाठवायचा. मग बाबा संध्याकाळी भंगारातल्या जळक्या कॉइली घेऊन बसायचे आणि तोडलेल्या टोकांवरून एकेक तार मोजायचे, वार्निशने सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, त्या सुईने सोडवत. तीनदा मोजायचं, तिन्ही वेळा सारखं आलं तरच वहीत लिहायचं. गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, बघायला मायक्रोमीटर कुठला, पेन्सिलीवर तार घट्ट गुंडाळायची आणि एका इंचात किती वेढे बसतात ते बघायचं, २६-२७ बसले तर २० गेज. ती वही माझ्याकडे आहे. अक्षर आधी मुलाचं आहे आणि शेवटाकडे बाबांचं.

चोरी केली का हो तुम्ही, असं एकदा मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, त्याने टाकून दिलेलं मोजलं, त्यात कसली चोरी.

पुढे स्वतःचं झाल्यावर त्यांनी पोरांना आकडे सांगितले, सगळे. त्यातली दोन पोरं नंतर दुसरीकडे दुकान टाकून बसली आणि गिऱ्हाईकं पण घेऊन गेली, आईला अजून त्याचा राग आहे. मलाही थोडा आहे. बाबांना होता की नाही कळलं नाही, ते या विषयावर बोलायचेच नाहीत.

एका बाबतीत मात्र भांडायचे, ती अॅल्युमिनियमची तार. तांब्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि आत काय भरलंय ते गिऱ्हाईकाला थोडंच दिसतं. पण ती वीज वाहून नेते तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे तार जाड हवी, आणि स्लॉट तर तेवढाच, मग त्यात बसणार कशी. ज्याला तीच पाहिजे त्याला ते हात जोडून दुसरीकडे जा म्हणायचे. धंद्यात हे परवडलं नाही हे मी हिशोब बघून सांगू शकते.

मोटार तापलीय का बघायचं तर बाबा नेहमी हाताची मागची बाजू लावायचे. बॉडीत करंट उतरला असेल तर झटक्याने मूठ आवळते, तळहात लावलेला असला तर हात तिथेच धरून राहतो, मागची बाजू असली तर सुटतो. मला ताप आला की कपाळावर पण तसाच उलटा हात. लहानपणी वाटायचं सगळ्यांचे बाबा ताप असाच बघतात. लग्नानंतर नवऱ्याने तळहात लावला तेव्हा मला हसूच आलं, त्याला कारण सांगितलं तर म्हणाला तू काय मोटार आहेस का.

आता भिंतीचं लिहायचंय, त्यासाठीच खरं तर बसले.

त्यांच्या कॉइल गुंडाळायच्या, हाताने फिरवायच्या मशीनचा वेढे मोजणारा काउंटर बंद पडलेला होता आणि तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही, जगाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. तोंडातल्या तोंडात मोजायचे. तेव्हा कुणी आलं तर मान वर न करता डावा हात उचलायचे, म्हणजे गप्प राहा. गिऱ्हाईक असो, आजोबा असोत, आई असो. मी आले की मात्र मशीन थांबायचं, खडूने मागच्या भिंतीवर आकडा लिहायचा, ४७, ११२ काय असेल तो, आणि मग बोल. माझं काय असायचं, पेन्सिल हरवली, अमकीने चिडवलं. पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग ४८ पासून पुढे. भिंत अजून आकड्यांनी भरलेली आहे, एकावर एक पुसट. माझे कुठले आणि कामाचे कुठले सांगता येत नाही. भाऊ म्हणतो जागा भाड्याने द्यायची तर रंग काढावा लागेल, बरोबरच आहे त्याचं. मी म्हटलं बघू.

टेबलाखाली एक जळका स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, कॉइली भरलेला भाग, पडलेला दिसला, कुणाचा कोण जाणे, चिठ्ठी नाही. २४ स्लॉट. एका कॉइलची टोकं तोडलेलीच होती, म्हटलं बघू या आपल्याला जमतंय का, सुई घेतली आणि उंबऱ्यात उजेडाला बसून मोजायला लागले. पन्नासच्या पुढे गेले असेन आणि लेकाचा फोन आला, काहीतरी सांगायचं होतं त्याला, मी म्हटलं थांब रे जरा, मोजतेय मी, नंतर कर. फोन ठेवला आणि आकडा काही आठवेना.

परत पहिल्यापासून.