शनिवार सकाळची रिकामी जागा

नोकरीची बहुतेक वर्षं नागपुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक म्हणून गेली. त्यामुळे एखाद्या खेळाची चलती आहे की नाही, हे मी त्याला पानावर किती जागा मिळते त्यावरून ठरवतो. तीन कॉलम, एक कॉलम, की ‘थोडक्यात’मध्ये दोन ओळी. अमेरिकेतला फुटबॉल, म्हणजे तिकडचं सॉकर, आमच्याकडे त्या दोन ओळींतच असायचा, तोही पानाच्या तळाशी जागा उरली तर.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत भरला तेव्हा डेस्कवर थट्टा चालायची. ज्या देशात धड व्यावसायिक लीग नाही, तिथं विश्वचषक! पूर्वी एक होती. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला गेले आणि दोनच वर्षांत त्यांच्या एका सामन्याला ७७ हजारांवर प्रेक्षक जमले. पण पेले थांबले, गर्दी ओसरली आणि १९८४ नंतर ती लीगच बंद पडली. पुन्हा लीग उभारू, असा शब्द देऊनच अमेरिकेनं ९४ चं यजमानपद मिळवलं होतं.

त्यातही उद्घाटनाचा दिवस कसला, तर १७ जून. शिकागोत जर्मनी आणि बोलिव्हिया खेळले, आणि त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर, खुनाचा आरोप असलेला माजी खेळाडू ओ. जे. सिम्प्सन ज्या पांढऱ्या गाडीत होता तिच्यामागे पोलिसांचा ताफा लागला. अमेरिकी वाहिन्यांनी काय दाखवलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तरी स्टेडियमं भरली. ५२ सामन्यांना मिळून सुमारे ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक, म्हणजे सामन्याला सरासरी ६९ हजारांच्या आसपास. अंतिम सामना आपल्याकडे रात्री एकला सुरू झाला. गोल काही होईना. जादा वेळ, मग पेनल्टी. इटलीच्या बॅजिओनं चेंडू आडव्या खांबावरून मारला तोवर आमची डाक आवृत्ती गाड्यांत चढून चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघालीसुद्धा होती.

पण त्या स्पर्धेतली मला लक्षात राहिलेली गोष्ट मैदानावरची नाही, पडद्याच्या कोपऱ्यातली आहे. अमेरिकी टीव्हीला फुटबॉलचं वावडं होतं त्याचं मोठं कारण जाहिराती. त्यांचे बाकीचे खेळ दर थोड्या वेळानं थांबतात. तेवढ्यात गाडी विका, बिअर विका. फुटबॉल ४५ मिनिटं थांबतच नाही. ९४ ला एबीसी आणि ईएसपीएननं तोडगा काढला: स्कोअर आणि घड्याळ पडद्यावर कायम ठेवायचं आणि प्रायोजकाचा लोगो त्याच्याच शेजारी बसवायचा. खेळ तोडायची गरज उरली नाही. आज कुठलाही सामना त्या पट्टीशिवाय दिसत नाही. जाहिरातीपायी अर्धं पान गमावलेल्या माणसालाच याचं मोल कळेल.

शब्द दिलेली ती लीग, म्हणजे मेजर लीग सॉकर किंवा एमएलएस, १९९६ मध्ये सुरू झाली, दहा संघांची. आणि तिथं या लोकांनी फुटबॉलला ‘अमेरिकी’ करायला घेतलं. घड्याळ उलटं चालणार. बरोबरी नको म्हणून शूटआउट: ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन धावत यायचं आणि पाच सेकंदांत गोल मारायचा. सावजी तिखट लागतं म्हणून त्यात साखर घालण्यातला हा प्रकार. खाणारा नाराज आणि न खाणारा तरीही येत नाही. १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही गोष्टी गुंडाळल्या, बरं झालं.

त्याच वर्षी महिला विश्वचषकाची फायनल. रोझ बाउलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक, चीनविरुद्ध पेनल्टी, शेवटची किक अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनची. तिनं गुडघ्यांवर बसून जर्सी काढून फिरवली तो फोटो आमच्याकडे आला तेव्हा छापायचा की नाही यावर रात्री चांगली खडाजंगी झाली. शेवटी छापला, पण आत. अमेरिकेत तो मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेला. ही गर्दी काही एका रात्रीतली नव्हती. शिक्षणसंस्थांत मुला-मुलींत भेदभाव करायचा नाही, असा कायदा तिथं १९७२ मध्ये झाला. मग कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. खेळलेल्या मुली पुढे आया झाल्या आणि शनिवारी आपल्या पोरांना मैदानावर न्यायला लागल्या.

शनिवारवरून आठवलं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मी त्याला विचारलं, “काऊन रे, तुमच्याकडे खरंच लोक फुटबॉल पाहून राहिले का, की पेपरवालेच म्हणते?” तो म्हणाला, “मामा, तुम्ही वेळ पाहा ना. शनिवारी सकाळी दुसरं लागतेच काय टीव्हीवर?”

मला हे उत्तर फार पटलं. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराचा सामना न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला दिसतो, तीनचा दहाला. त्यांचा स्वतःचा अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल सगळं नंतर. २०१३ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने एनबीसी ही अमेरिकी वाहिनी दाखवू लागली आणि तिनं ही रिकामी जागा धरली. कुणाशी भांडण नाही, स्पर्धा नाही. चहा-कॉफीच्या वेळेला, दर आठवड्याला, त्याच ठिकाणी. वाचकाची सवयही अशीच लागते. राशिभविष्य चांगलं असतं म्हणून कुणी वाचत नाही, ते रोज त्याच जागी असतं म्हणून वाचतो.

सवय किती पक्की झाली होती ते ऑक्टोबर २०१७ मध्ये कळलं. त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ हरून अमेरिका २०१८ च्या विश्वचषकाबाहेर फेकली गेली. चॅनेलवाल्यांचं नुकसान झालं, टीकाकारांनी झोडपलं. पण एमएलएसमध्ये नवे संघ येतच राहिले. आता ३० आहेत.

मग जुलै २०२३, मेस्सी. एमएलएसमधल्या इंटर मायामीकडून पहिल्याच सामन्यात शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल. काही महिन्यांत सीताबर्डीच्या मेन रोडवर गुलाबी जर्सी टांगलेल्या दिसल्या. घेणाऱ्या पोरांपैकी किती जणांना मायामी नकाशावर दाखवता आलं असतं कोण जाणे. अमेरिकेतही ज्या पत्रकारांनी एमएलएसचा एक सामना पाहिला नव्हता ते फ्लोरिडाला धावले. इथं मात्र मला लीगचं गणित कळलं नाही. त्याच वर्षीपासून त्यांनी सामने दाखवायचे हक्क ॲपलला दिले, दहा वर्षांसाठी, अडीच अब्ज डॉलरला. पैसा आला, पण २०२५ पर्यंत बहुतेक सामने वेगळी वर्गणी भरणाऱ्यांसाठीच होते. म्हणजे चॅनेल बदलता बदलता सहज थांबणारा माणूस, ज्याच्या जोरावर खेळ वाढतो, तोच बाहेर राहिला. मेस्सीची क्लिप सगळ्यांनी पाहिली, पूर्ण सामना किती जणांनी?

नागपूरला हे नवीन नाही. विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतली पोरं गोळा करून फुटबॉल उभा केला. मुंबई-दिल्लीचे कॅमेरे मोठ्या संख्येनं आले ते २०२२ मध्ये अमिताभ बच्चन पडद्यावर त्यांच्या भूमिकेत दिसले तेव्हा. आणि तिकडे कामठीत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो, तिथल्या रब्बानी क्लबचं नाव ऐकून नागपुरातल्या मोहन नगरची पोरं आजही सरसावून बसतात. हे पेपर वाचून कुणाला कळणार नाही.

कामठीचा माझा एक मित्र म्हणतो, “भाऊ, २०२६ चा विश्वचषक होऊ दे, अमेरिकावाले मग विसरून जातीन.” अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतली ही स्पर्धा: ४८ संघ, १०४ सामने, म्हणजे ९४ च्या बरोब्बर दुप्पट, एवढं झाल्यावर थोडी सुस्ती येणारच. पण विसरायचं म्हटलं तरी पुढचा शनिवार येतो आणि सकाळी टीव्ही लावला की कुणीतरी खेळतच असतं. मित्राला हे पटलेलं नाही.

मी त्याच जोरावर जुन्या डेस्कवरच्या एका पोराला फोन केला. म्हटलं, स्थानिक लीगचे निकाल दर सोमवारी एकाच कोपऱ्यात दे, चारच ओळी, पण चुकवू नको. तो लगेच हो म्हणाला, “करतो न सर.” दोन सोमवार निकाल आले. तिसऱ्या सोमवारी त्या कोपऱ्यात एका कोचिंग क्लासची जाहिरात होती.