जरा डावीकडे सरका

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये ऊन उतरतं आणि खिडकीच्या ग्रिलची सावली फरशीवर पडते. परवा त्या सावलीचे गज फरशीच्या सांध्यांना अगदी समांतर आले. गज, सांधा, गज, सांधा. चहा गॅसवर तसाच टाकून मी फोन आणला, स्टुलावर चढले आणि फोटो काढायला लागले. लेक सोफ्यावर लोळत होती. "आई, फरशी कुठे पळून चालली नाहीये." फरशी नाही, पण ऊन पळतं ना. थोड्या वेळात सगळं तिरकं. दरम्यान चहा उतू गेला, तो भाग वेगळा.

हे खूळ जुनं आहे. लग्नाला गेलं की लोक नवरानवरीचे फोटो काढतात, माझ्या फोनमध्ये पंगतीचे निघतात. तेही माणसं बसायच्या आधीचे. समोरासमोर दोन रांगा, केळीची पानं मांडलेली, डावं-उजवं वाढून झालेलं. वाटतं, एक रांग म्हणजे दुसरीचं प्रतिबिंबच. नीट बघितलं तर तसं नसतं. मध्ये आरसा असता तर चटणीसमोर चटणी आली असती. इथे माझ्या डावीकडची चटणी-कोशिंबीर समोरच्याच्या भाजीपुढे येते, कारण त्यालाही त्याचा डावा हात आहे. पानाच्या वरचं मीठ तेवढं दोन्हीकडे मधोमध. हे मला एका कार्यालयात, वाढपी वरणाची बादली घेऊन "ताई, सरका, सरका" करत असताना सुचलं. इतकी चांगली गोष्ट, पण सांगावी कुणाला? सगळ्यांना भूक लागलेली.

मूळ शोधायला गेलं तर ते एलिमेंटरीच्या परीक्षेत सापडेल. संकल्पचित्राचा पेपर. चौकोनाच्या मधून बारीक रेघ मारायची, अर्ध्या भागात पानं, फुलं, नागमोडी वेल काढायची. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने गिरवायचं आणि मग तो कागद पालथा घालून नखाने घासायचा. उचलला की पलीकडे तीच वेल, उलट्या अंगाने, फिकट राखाडी. प्रत्येक वेळी जादू वाटायची. फक्त घासताना कागद केसभर जरी हलला, तरी मधल्या फुलाला दोन देठ फुटायचे. आमचे ड्रॉइंगचे सर रागवत नसत. त्या दोन देठांवर बोट ठेवून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ची धास्ती अजून गेलेली नाही. फोटोत खांब जरा कलला की ऐकू येतो.

आणि खांब कलतातच. उंच इमारतीसमोर उभं राहून फोन वर केला की भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकायला लागतात. रूळही तसलेच. आपसात १६७६ मिलिमीटरचं अंतर राखायचं, एवढंच त्यांच्याकडे काम, आणि फोटोत पाहावं तर लांब कुठेतरी गळ्यात गळा घालून उभे.

सीएसएमटीपाशी गेले की माझा हमखास वेळ जातो. नेमका मध्य सापडल्याशिवाय फोटो काढवत नाही, आणि मध्य सापडतो तिथे बस उभी असते. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावर १८७८ साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. घुमट मध्यावर, दोन्ही बाजूंना पंख. एवढं सगळं तोलूनमापून केलं आणि फाटकाच्या दोन खांबांवर काय बसवलं? एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. अर्थ समजला हो, पण फोटो मधोमध दुमडला तर जुळणार कसा? सरांनी बोट ठेवलंच असतं. मला स्वतःला वाघ जास्त आवडतो, ते सोडा.

आमच्या लहानपणी स्टुडिओत जाऊन सहकुटुंब फोटो काढायची पद्धत होती. फोटोग्राफरकडे दोन भिंगांचा याशिका. तो मान खाली घालून वरून काचेत बघायचा, आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. "जरा डावीकडे सरका." आम्ही सगळे सरकायचो. "अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे." पुन्हा सरकायचो. मला वाटतं, एका मर्यादेनंतर त्याचाही घोळ होत असावा. हा घोळ तसा फोटोग्राफीइतकाच जुना. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर छबी उमटायची, तीही आरशातल्यासारखी उलटीच. माणसं आपली छबी बघून खूश होत असणार. आरशात तरी दुसरं काय दिसत होतं त्यांना?

आमच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे तो असाच उलटा. छापताना निगेटिव्ह पालथी पडली असणार. कोटाचा वरचा खिसा उजवीकडे, घड्याळ उजव्या मनगटावर. मी आजोबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे माझे आजोबा उजव्या हातात घड्याळ बांधणारे. फोनमध्ये फोटो सुलटा करायला एक टिचकी पुरते. तेवढं केलं आणि आत्या आली होती, तिला दाखवलं.

आत्याने चष्मा लावला. "कोण गं हे?"

"आजोबा. आता बरोबर आहेत."

"छे! बाबा असे नव्हते दिसत. हे त्यांच्या चुलतभावासारखे वाटतात."

मी म्हटलं, "घड्याळ कुठल्या हातात बांधायचे गं ते?"

आत्याने आधी स्वतःचं एक मनगट पुढे केलं, मग दुसरं, आणि मग वैतागली. "ते पुसून टाक आधी. भिंतीवरचा चांगला आहे."

मी पुसून टाकला. उगाच फाटे कशाला फोडा.