द्वादशीची भरती

कोकणात भरतीची वेळ बघायला मोबाइल लागत नाही. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. त्या दिवशी चैत्र शुद्ध द्वादशी, म्हणजे पूर्ण भरती नऊला. म्हणून पुण्याच्या सात पाहुण्यांना घेऊन मी सातलाच आंजर्ल्याच्या सुरूच्या बनात जाऊन बसलो. पाणी चढलं की जोग नदीच्या मुखाजवळचे पक्षी कोरड्या वाळूच्या पट्टीवर येऊन टेकतात. पाणी उतरेपर्यंत त्यांना दुसरी जागा नसते.

दीडेकशे चिखले होते, सँड प्लोव्हर जातीचे. स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावून आधी पाहुण्यांमधल्या आजींना बोलावलं. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या एकाच्या छातीवर विटकरी रंग चढत होता. अर्धी पिसं जुनी, अर्धी नवी.

"अरे, हा एका पायावर झोपलाय!" आजी कुजबुजल्या.

हा जेमतेम ६० ग्रॅमचा जीव थोड्याच दिवसांत लडाख-तिबेटच्या पठाराकडे निघणार. आत्ता खाल्लेला किडा न् किडा चरबी होऊन अंगावर साठतो आणि त्याच शिदोरीवर तो एवढं अंतर कापतो.

मोठ्या लेन्सवाले काका म्हणाले, "दादा, एक टाळी वाजवा ना. उडतानाचा फोटो झकास येईल."

"नको काका. उडवलं की साठवलेलं खर्च होतं."

ते गप्प बसले, पण नाराज दिसले.

तेवढ्यात एक जीप किनाऱ्यावर उतरली आणि सरळ थव्यात घुसली. सगळे उठले. पांढरी पोटं उन्हात लखकन चमकली आणि थवा वळताच विझली. हे दृश्य देखणं असतं, म्हणूनच लोक मुद्दाम उडवतात, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. थवा टेकायला आला की जीप परत फिरे, की पुन्हा सगळे हवेत. मी ओरडत धावलो, पण कॅमेरा आजींच्या हातात देऊन काका माझ्याआधी जीपसमोर जाऊन उभे होते. काय बोलले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. जीप गेली. थवा पुन्हा बसायला मात्र चौदा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

साडेदहाला पाणी बरंच उतरलं. ओल्या वाळूवर चिखले पांगले. चार पावलं धाव, थांब, टोच. काका पोटावर पडून होते. एक चिखल्या इतका जवळ आला की लेन्स फोकसच घेईना. त्याच्या चोचीत एक लांब किडा ताणला जात होता. आता तुटणार असं वाटत असतानाच तो अख्खा सुटून आला.