घाम होता, तरीही

मे महिन्यात आमच्या कॅज्युअल्टीला दुपारी तीननंतर दम घ्यायला फुरसत नसते. त्या दिवशी चौघांनी एकाला रिक्षातून उचलून आणलं. टॉवेलच्या मागावरचा कामगार, चाळिशीतला. काहीतरी बरळत होता, बायकोला ओळखत नव्हता, अंग घामानं निथळत होतं.

त्या घामानंच सगळे फसले. वाटेतल्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन देऊन झालं होतं. आमचा नवा डॉक्टरही म्हणाला, "सिस्टर, उष्माघातात अंग कोरडं पडतं." एक ओळ पाठ करून पेशंट बघणाऱ्यांचा मला राग येतो. राबताना उष्माघात झालेल्याचं अंग ओलंही असतं. पण मी तरी काय केलं? काखेत थर्मामीटर लावला, १०२.४ दिसलं आणि सलाईनच्या तयारीला लागले. ओल्या काखेचं माप खोटं. दहा मिनिटांनी गुदद्वारातून घेतलं, तर १०६.५!

तापात मेंदू स्वतःच शरीराच्या तापमानाचा आकडा वर नेतो, पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथं मेंदूनं काही वाढवलेलंच नसतं, आतली उष्णता बाहेर पडत नसते. तिथं इंजेक्शन काय करणार?

वॉर्डबॉय बर्फाला धावला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं, तरी मी तेच अंगभर शिंपडलं आणि दोन पंखे लावले. गारवा पाण्याचा नसतो, पाणी उडून जाण्याचा असतो. लिटरभर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. थेंब होऊन गळला तर काहीच नेत नाही. सोलापूरची कोरडी हवा आम्हाला उपयोगी पडली. त्याच्या शेडमध्ये मात्र सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, जमिनीवर पाणी मारलेलं. अशा दमट हवेत माणूस नुसता गळत राहतो. सोबतचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत ऊन नव्हतंच की ओ."

बर्फ आल्यावर मानेला, काखेत, जांघेत ठेवला. १०२ला आल्यावर थांबलो, कारण पुढे पारा आपसूक उतरत राहतो. संध्याकाळी त्यानं बायकोला हाक मारली. लघवी मात्र कोऱ्या चहासारखी होती. किडनीचे रिपोर्ट अजून चांगले नाहीत. माझी ती दहा मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

बायको विड्या वळते. तिनं विचारलं, "एवढा घाम आला, मग अंग गार का नाही झालं?" मी तिच्या मनगटाला पाणी लावून फुंकर घातली. तिला कळलं. मग म्हणाली, "तिथं पंखा लावू देत नाहीत, सिस्टर. कापूस उडतो म्हणतात."